शेवटचं बाक

फादरांनी प्रवचनात सांगितलं ते एवढंच, की कुणी मेजवानीला बोलावलं तर मानाच्या जागेवर जाऊन बसू नका. शेवटच्या जागेवर बसा. मग यजमान स्वतः येऊन म्हणेल, मित्रा, असा वर येऊन बस, आणि चारचौघांत तुमचा मान होईल. गोष्ट खुद्द येशूने सांगितलेली. ती दरवर्षी वाचली जायची, लोक दरवर्षी माना डोलवायचे आणि पुढच्या रविवारी नेमके आपापल्या जागी येऊन बसायचे. मनावर घेतली ती फक्त शेठने.

शेठ म्हणजे फर्निचरवाले शेठ. दुमजली शोरूम, काचेचे दरवाजे, आणि आत एवढे पलंग की गिऱ्हाइकाला बघता बघताच झोप यावी. चर्चमधलं पहिलं बाक त्यांनीच दिलेलं. चकचकीत पॉलिश, वर लाल गादी आणि पाठीला पितळी पाटी. पाटीवर शेठचं नाव. देवाला ते ठाऊक होतंच, पण मागे बसणाऱ्यांची गैरसोय नको.

"पुढच्या रविवारपासून मी शेवटच्या बाकावर बसणार," शेठने जेवताना जाहीर केलं.

बायकोने वाढता वाढता हात थांबवला. "बरं वाटत नाही का?"

"नम्रता," शेठ म्हणाले. "फादर काय सांगत होते, लक्ष होतं का तुझं?"

"होतं ना. पण अहो, मग कुणी बोलवायलाच आलं नाही तर?"

"असं कसं येणार नाही? स्वतः प्रभूने सांगितलंय."

बायकोने मुलीकडे पाहिलं आणि मुलीने ताटात. मुलीचं लग्न महिन्यावर आलं होतं, याच चर्चमध्ये. तिने बापाकडे दागिना मागितला नव्हता की गाडी. एकच गोष्ट मागितली होती. "मोठे काका पहिल्या बाकावर बसलेले दिसले पाहिजेत. नाहीतर मी दारातून आत येणार नाही." मुलगी बापावर गेली होती, म्हणजे ती खरंच आली नसती.

मोठे काका म्हणजे शेठचे थोरले भाऊ. दोघांनी मिळून एका पत्र्याच्या शेडमध्ये सुतारकाम सुरू केलं होतं. थोरल्याचा हात चांगला, धाकट्याची जीभ चांगली, त्यामुळे धंदा चालला. मग शोरूम झालं. उद्घाटनाला मोठमोठी माणसं आली. त्यांतल्या एका पाहुण्याने कानामागे पेन्सिल खोचलेल्या थोरल्याकडे बघून विचारलं, "हे कोण?" आणि शेठ, अंगात नवा कोट, हातात सरबताचा ग्लास, पटकन बोलून गेले, "हे? हे आमच्याकडचे कारागीर."

थोरल्याने ऐकलं. कानामागची पेन्सिल काढून नव्या काउंटरवर ठेवली, आणि निघून गेला तो पुन्हा त्या काचेच्या दारातून आत आला नाही. शेडमध्ये तो अजून खुर्च्या करत होता. गावात समोरासमोर आले की दोघांनाही नेमकं काहीतरी दुकानाच्या पाटीवर वाचायचं असे. शेठला रात्री ते तीन शब्द आठवत, नाही असं नाही. पण आपण होऊन जायचं म्हणजे काय? राग त्याने धरला, तर सोडायचाही त्यानेच. शेठचा हिशोब असा सरळ होता.

रविवारी शेठ नवा शर्ट घालून शेवटच्या बाकाकडे निघाले. पहिल्या बाकाच्या दिशेने चालायची पायांना इतकी सवय, की ते अर्ध्यावर जाऊन परत फिरले. त्यामुळे ते मागे बसायला निघालेत हे सगळ्या चर्चने पाहिलं. बरंच झालं, शेठच्या मनात आलं. आणि मग त्यांना दिसलं, शेवटच्या बाकावर बरोबर मधोमध थोरला बसला आहे.

आता माघार घ्यावी तर तमाशा. थोरल्याने बूड सरकवत सरकवत बाकाचं पलीकडचं टोक गाठलं. शेठ अलीकडच्या टोकाला टेकले. त्याबरोबर धाड्‌ असा आवाज झाला, शेठ खाली गेले आणि थोरला वर.

तेव्हा शेठला ओळख पटली. हे बाक त्या दोघांचंच. शेडमधलं पहिलं काम. मधला पाय दोन बोटं जास्त उंच राहिला होता, आणि तो कापला होता धाकट्याने. त्या वेळच्या म्हाताऱ्या फादरांनी विचारलं तेव्हा थोरला म्हणाला होता, "माझंच माप चुकलं, फादर." एकटा माणूस मधोमध बसला तर बाक गप्प राहायचं. इतकी वर्षं थोरला मधोमध बसत होता तो उगीच नाही. पण दोघं दोन टोकांना बसले की जड तो खाली आणि हलका तो वर. शेठ चांगलेच जड होते.

एकमेकांना शांती द्या, असं फादर म्हणाले तेव्हा सगळ्या चर्चमध्ये हातात हात गेले. शेवटच्या बाकावर शेठने समोरच्या खांबाला नमस्कार केला. थोरल्याने पण त्याच खांबाला केला. इतकी शांती त्या खांबाच्या वाट्याला आजवर आली नव्हती.

वर येऊन बस, असं म्हणायला कुणी आलं नाही.

"पहिलाच रविवार आहे," घरी शेठ म्हणाले. "फादर नवीन आहेत. लक्षात यायला वेळ लागतो."

"ते कोण, मोठे भाऊजी बसले होते ना तिकडे?" बायकोने भोळेपणाचा आव आणून विचारलं. "काही बोलणं झालं का?"

"चर्चमध्ये बोलू नये," शेठ म्हणाले.

दुसऱ्या रविवारी ते लवकर गेले. शेवटची जागा दुसऱ्या कुणी बळकावू नये म्हणून. तशी ती जागा कुणालाच नको होती, पण शेठला स्पर्धेची सवय. थोरला आला, टोकाला बसला आणि वर राहिला. मिस्सेची उपासना चालू असताना शेठची मान सारखी उंच होत होती. फादरांना आपण दिसतोय की नाही? दाराजवळचा खांब मध्ये येत होता. ख्रिस्तप्रसाद घ्यायला रांग लागली तेव्हा तरी दिसू, म्हणून ते झटक्यात उठले, आणि मागे थोरल्याचं टोक दणकन खाली आदळलं. शेठ रांगेत शिरले सुद्धा. मागे वळून पाहिलं तर थोरला दोन्ही हातांनी गुडघा दाबून बसला होता. तोंडातून आवाज नाही, पण चेहरा पांढरा पडलेला.

थांबावं, असं त्यांना वाटलं. खरंच वाटलं. पण रांग पुढे सरकत होती, आणि फादर अगदी समोर आले होते.

तो आठवडा शेठला जेवण गोड लागलं नाही. शोरूममध्ये कुणी पलंगावर बसून उठला की ते दचकायचे. बायकोने एकदा नुसतं म्हटलं, "मोठे भाऊजी काठी घेऊन फिरतात म्हणे," तर त्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. मुलगी लग्नाचं बोलेना. तिच्या खोलीत नवी साडी खोक्यातून बाहेर आली नव्हती, आणि शेठ जाता-येता त्या खोक्याकडे बघत होते.

तिसऱ्या रविवारी थोरला काठी टेकत आला. शेठला आधीच बसलेलं पाहून तो क्षणभर उभा राहिला. बाकी बाकं भरलेली होती. पहिलं तेवढं रिकामं, कारण लाल गादीवर बसायची कुणाची छाती होत नव्हती. थोरला शेवटी टोकाला टेकला आणि दुखरा पाय लांब करून ठेवला. शेठ इतके जपून बसले होते की श्वास घ्यायलाही भीत होते.

फादरांचं प्रवचन सुरू झालं. बाकाची कुरकुरही सुरू झाली. फादर तीनदा थांबले. चौथ्यांदा त्यांनी चष्मा काढला, सगळ्या डोक्यांवरून मागे पाहिलं आणि हसून म्हणाले, "शेठ, तुम्ही तिकडे कुठे बसलात? पुढचं बाक किती दिवस रिकामं आहे. या, असे वर येऊन बसा."

झालं! अगदी शब्दाला शब्द. सगळं चर्च मागे वळलं. दुसऱ्या रांगेतून बायको बघत होती, मुलगी बघत होती. ज्यासाठी शेठ तीन रविवार लाकडावर झिजले, तो मान समोर येऊन उभा होता. त्यांनी शर्ट सारखा केला, हात गुडघ्यांवर ठेवले, आणि उठणार तोच त्यांची नजर पलीकडे गेली. थोरला काठी मांडीवर आडवी धरून दोन्ही हातांनी बाकाची कड घट्ट पकडून बसला होता. तो शेठकडे बघत नव्हता. समोर बघत होता. फक्त आदळायच्या तयारीत होता.

शेठ परत टेकले.

"संकोच करू नका," फादर म्हणाले. "या."

"नको, फादर." शेठचा आवाज एरवी शोरूमच्या दुसऱ्या मजल्यावर ऐकू जाई. आज तो जेमतेम फादरांपर्यंत पोचला. "मला उठता येत नाही. मी उठलो तर दादा खाली पडेल."

बोलले, आणि त्यांनी आपलेच शब्द ऐकले. नव्या फादरांना काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी साधेपणाने विचारलं, "दादा? ते कोण?"

तोच प्रश्न. थोरल्याची बोटं कडेवर आणखी आवळली गेली.

"माझा थोरला भाऊ," शेठ म्हणाले. या वेळी मात्र आवाज दुसऱ्या मजल्यावर जाईल असा निघाला. "मला रंधा धरायला याने शिकवलं. हे बाक आम्ही दोघांनी केलंय, फादर. याचा मधला पाय चुकलाय, तो मी कापला होता. याने मात्र स्वतःचंच माप चुकलं म्हणून सांगितलं."

कुणीतरी हसलं, मग बरेच हसले, आणि मुलगी पदराने डोळे पुसत होती. फादरांनी चष्मा परत लावला. प्रवचन कुठवर आलं होतं ते त्यांना आठवेना, म्हणून त्यांनी ते तिथेच संपवलं. तेही लोकांना आवडलं.

"एवढं मोठ्याने कशाला सांगायचं?" थोरला समोर बघतच पुटपुटला. इतक्या वर्षांतलं पहिलं वाक्य.

"त्या उद्घाटनाला सुद्धा मोठ्यानेच बोललो होतो," शेठ म्हणाले.

शेठ थोडे आत सरकले. बाक कुरकुरलं. थोरलाही वीतभर आत सरकला.

"पोरीचं लग्न आहे, दादा. तू पहिल्या बाकावर बसला नाहीस तर ती आत येणार नाही म्हणते."

"त्या बाकावर? पाठीला तुझं नाव टोचेल मला."

"काढून टाकतो ती पाटी."

"तुला काय काढता येतंय!" थोरला म्हणाला. "पॉलिश खरवडून ठेवशील. पेचकस आहे माझ्याकडे. मी काढतो."

शेठ मान खाली घालून बसले. डोळ्यांतून पाणी नाकाच्या शेंड्यावर आलं होतं, आणि ते पुसायला हात उचलावा तर बाक हलेल अशी धास्ती. समोर सगळे प्रार्थनेला उभे राहिले. बसून राहिले ते फक्त हे दोघं.

"दादा, आता उठू का?" शेठने विचारलं.

"थांब," थोरला म्हणाला. त्याने काठी जमिनीला टेकवली आणि मोकळा हात धाकट्याच्या खांद्यावर ठेवला. "मी सांगतो तेव्हा. दोघं बरोबर उठू."