आवाज बंद, डोळे वर

माझ्याबरोबर सिनेमाला यायला घरातलं कुणीही तयार नसतं. यात चूक माझी नाही, सिनेमावाल्यांची आहे.

आता तुम्हीच सांगा. सूर्य मावळतोय, नायक-नायिका गळ्यात गळे घालून उभे आहेत, आणि त्यांच्या बरोब्बर डोक्यावर पौर्णिमेचा चंद्र! अरे, पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळताना समोरच्या बाजूला उगवतो. हा डोक्यावर कसा पोचला, शिडी लावून? एवढंच मी विचारलं होतं. थोडं मोठ्यांदा विचारलं, हे कबूल. थिएटरातल्या सात-आठ रांगा वळून माझ्याकडे बघायला लागल्या, वहिनीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि दादानं त्या दिवसापासून माझं नाव ग्रहण ठेवलं. "तिकिटं काढा, पण ग्रहणाला कळू देऊ नका," असं तो माझ्यासमोरच म्हणतो. सख्खा भाऊ!

मी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासते. सत्तावीस वर्षं झाली. काच फ्रेममध्ये केसभर जरी वाकडी बसली तरी मला चैन पडत नाही, मग वाकडं आकाश कसं खपवून घेणार? सुदैवानं माझ्यासारखे आणखी दोन येडे या गावात आहेत, एक पोस्टमन आणि एक नर्सबाई. आम्ही तिघं दर शनिवारी संध्याकाळी भेटतो. आकाश मोकळं असेल तर माझ्या गच्चीवर दुर्बीण लावतो. ढग असतील तर माझ्या खोलीत सिनेमा लावतो, आणि त्यातल्या आकाशाच्या चुका काढून वहीत लिहितो. दोनशे बारा चुका झाल्यात आजवर! आमचा एकच नियम आहे. आवाज बंद, डोळे वर. संवाद चालू असले की माणूस खालच्या भानगडीत अडकतो, कोण रडतंय, कोण कुणाला सोडून चाललंय, आणि वरचा चंद्र निसटतो. हा नियम मीच केला. मोठी अक्कल पाजळली होती तेव्हा, काय सांगू.

तर माझी भाची, दादाची एकुलती एक लेक, संगणकावर सिनेमासाठी चित्रं तयार करणाऱ्या एका कार्यशाळेत कामाला लागली. नट मंडळी चार भिंतींच्या आत हिरव्या पडद्यासमोर उभी राहतात, मागचे डोंगर, ढग, आभाळ ही मुलं नंतर चढवतात. आणि माझ्या भाचीच्या वाट्याला काय आलं असेल? आकाश! ऐकलं तेव्हा मी दुकानात अशी किंचाळले की गिऱ्हाइकाच्या हातातला नवाकोरा चष्मा खाली पडला.

"आत्या, हसू नकोस, मला धडकी भरलीय," ती म्हणाली. "याच दिग्दर्शकाच्या मागच्या सिनेमात चंद्राच्या काळ्या भागात चांदणी दिसत होती. लोकांनी एवढी टर उडवली! या वेळी आमच्या मोठ्या बाईंनी बजावलंय. मी तीन महिन्यांच्या बोलीवर आहे. आकाश बिनचूक निघालं तर कायम करतील, शेवटी पाटीवर नावसुद्धा येईल. एक जरी चूक निघाली तरी घरी. तू एकदा येऊन बघशील?"

बघशील का, म्हणे! मी सुट्टी टाकून सकाळी नऊच्या ठोक्याला दारात हजर. मोबाइल दारावरच्या खणात ठेवून घेतले, सिनेमा बाहेर फुटू नये म्हणून. आत पडदे ओढलेले, दहा-बारा मुलं आपापल्या पडद्यात डोकं घालून बसलेली. भाचीनं मला शेजारी खुर्ची दिली आणि कानाला लावायचं यंत्र पुढं केलं.

"ते नको," मी ऐटीत म्हटलं. "आमच्यात आवाज बंद असतो."

मग काय सांगू! डोंगराच्या दृश्यात तारे समुद्रकाठच्या दृश्यापेक्षा कमी होते, ते मी वाढवायला लावले. एका जागी पूर्ण चंद्राशेजारी बारीकसारीक चांदण्यांचा सडा पडला होता, तो झाडून काढायला लावला. भाची भराभर दुरुस्त करत होती, आणि मोठ्या बाई मागं उभ्या राहून मान डोलावत होत्या. मी तर हवेत होते.

शेवटी एक दृश्य आलं. घराच्या उंबऱ्यात एक आई आणि तिची मुलगी. खिडकीत दिवे लागलेले. मागं क्षितिजावर सगळीकडे सारखी केशरी पट्टी, तिच्यावर नखाएवढी चंद्रकोर आणि शेजारी शुक्र. सुरेख! पण कोर डावीकडून उजळलेली.

"अगं बयो, ही उलटी झाली की!" मी म्हटलं. "चंद्राची उजळ बाजू नेहमी सूर्याकडे असते. संध्याकाळच्या कोरेला उजेड उजवीकडून हवा."

भाचीनं तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाली, "तू म्हणतेस म्हणजे असेल." तिनं कोर फिरवली, आणि मी तिच्या पाठीत शाबासकीची थाप मारली. ती थाप आठवली की आजही माझा हात जळतो.

दोन आठवड्यांनी सिनेमाची झलक मोबाइलवर आली. मी दुकानात काउंटरवरच लावली, अर्थात आवाज बंद. पावाची भट्टी असलेले एक काका चष्म्याची वाट बघत बसले होते, ते वाकून बघायला लागले.

"अहो, मुक्याचं काय बघताय? आवाज वाढवा की!"

गिऱ्हाईक म्हणजे गिऱ्हाईक. वाढवला. उंबरा आला, आई-मुलगी आल्या. आई म्हणाली, "रात्रभर बसलो गं बोलत. उजाडायला लागलं बघ. नीघ आता, नाहीतर मी जाऊ द्यायची नाही."

उजाडायला लागलं!

ती पहाट होती! पहाटेच्या कोरेला उजेड डावीकडूनच हवा! दिवे नुकतेच लावलेले नव्हते, रात्रभर जळत होते. पोरीनं बरोबर काढलेला चंद्र मी, सत्तावीस वर्षं काचा घासणाऱ्या बाईनं, दोनशे बारा चुका पकडणाऱ्या बाईनं, उलटा करून ठेवला होता. आणि नोकरी जाणार होती तिची!

भाचीला फोन लावला. बंद. अर्थातच बंद, खणात असणार. तिनं सांगितलं होतं की सिनेमाची शेवटची प्रत आज पाच वाजता जाणार. घड्याळात दोनला दहा कमी होते.

"काका, तुमचा चष्मा उद्या!" एवढं ओरडून मी निघाले. अंगावर कामाचा एप्रन तसाच, हातात त्यांचीच काच. सायकल हाणली ती अशी, की सिग्नलला एका बसवाल्यानं मला चक्क वाट दिली. कार्यशाळेच्या दारावर रखवालदार म्हणाला, "नाव लिहा, सही करा." मी म्हटलं, "भाऊ, चंद्र उलटा लागलाय, सही कसली मागताय?" तो बिचारा इतका गोंधळला की मी आत पोचेपर्यंत पेन हातात धरून उभा होता.

"कोर फिरव!" मी दारातूनच ओरडले. "पहाट आहे ती! पहाट!"

दहा-बारा डोकी एकदम वर झाली. मोठ्या बाई आपल्या काचेच्या खोलीतून बाहेर आल्या. भाची पांढरीफटक पडली होती. मला वाटलं होतं, बाईंना बाजूला घेऊन सांगावं. पण मग म्हटलं, ओरडून चुका काढतेस ना जगाच्या, मग स्वतःचीही ओरडूनच सांग.

"बाई, हिनं बरोबर काढलं होतं. मी चुकीचं करायला लावलं. आवाज बंद ठेवून बघितलं मी. त्या दोघी काय बोलताहेत तेच ऐकलं नाही. काढायचं तर मला काढा."

"तुम्हाला कुठून काढणार? तुम्ही इथं कामाला नाही," बाई म्हणाल्या, आणि भाचीकडे वळल्या. "पण तुला तर माहीत होतं ना, ही पहाट आहे? कथा वाचलीस ना तू?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

भाचीनं मान खाली घातली. "आकाशाच्या बाबतीत आत्या चुकेल असं मला कधी वाटलंच नाही. मला वाटलं, माझीच आठवण चुकली असेल." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मी पहिलीत होते. तू मला पांघरुणासकट उचलून गच्चीवर नेलं होतंस, उजाडायच्या आधी. ती कोर होती, आत्या. तीच काढली होती मी."

मला रडूच फुटलं. गच्ची आठवली, ते निळं पांघरूण आठवलं, आणि तिचं "चंद्राला कुणी खाल्लं गं?" हेही आठवलं. इतकी वर्षं ती कोर तिनं जशीच्या तशी जपून ठेवली, आणि मी एका फटक्यात ती पुसून टाकली.

"रडणं नंतर," मोठ्या बाई म्हणाल्या. "जुनी प्रत आहे?"

"मी काहीच फेकत नाही," भाची म्हणाली, आणि तिची बोटं चालायला लागली.

अकरा सेकंदांचं दृश्य, पण संगणकाला ते पुन्हा रचायला अडीच तास! पडद्यावर आकडा सरकत होता. तीनला वीस टक्के. चारला पंचावन्न. साडेचारला तो एक्क्याऐंशीवर अडकला आणि सगळी कार्यशाळा आमच्या खुर्च्यांमागं येऊन उभी राहिली. ब्याऐंशी! पोरांनी टाळ्या पिटल्या. पाचला सहा मिनिटं असताना शंभर झाले, आणि मोठ्या बाईंनी मला मिठी मारली. त्यांच्या कुडत्यावर माझ्या एप्रनची सगळी भुकटी लागली. लगेच मागं सरून त्या भाचीला म्हणाल्या, "कायमचं काय ते सिनेमा लागल्यावर. आणि पुढच्या वेळी बरोबर असशील तर भांड."

शनिवारी मी वही उघडली आणि दोनशे तेरावी चूक लिहिली. झलकेत पहाटेची कोर उलटी, चूक करणारी मीच. पोस्टमन इतका हसला की त्याला ठसका लागला, आणि नर्सबाईंनी त्याची पाठ चोळता चोळता स्वतःच हसायला सुरुवात केली. नियम त्याच दिवशी मोडीत काढला.

सिनेमा लागला तेव्हा सगळं घर गेलं, मलाही घेऊन! दादा मुद्दाम माझ्या डाव्या हाताला बसला, माझं तोंड दाबायला हात मोकळा ठेवून. उजव्या हाताला भाची, नखं कुरतडत. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं ऐकलं. ती आई कशी एकटी राहत होती, मुलगी का चालली होती, रात्रभर दोघी काय काय बोलल्या. मग उंबरा आला. आई म्हणाली, "नीघ आता, नाहीतर मी जाऊ द्यायची नाही," आणि तिनं मुलीच्या गळ्याशी शालीचं टोक नीट खोचून दिलं. मुलगी वळली, चार पावलं गेली, आणि परत धावत आली.

भाचीनं मला कोपरानं ढोसलं. "आत्या! कोर कशी होती? बरोबर दिसली ना?"

मी हुंदके देत होते. "कुठली कोर?"

"अगं, आत्ताच गेली की पडद्यावरून!"

"मला काय माहीत? ती पोरगी परत आली गं, बघितलंस ना?"

भाची असली खदखदून हसली की पुढच्या रांगेतल्या सात-आठ जणांनी वळून "शूऽऽ" केलं. शेवटी पाटी आली. आकाश, आणि त्यापुढं तिचं नाव. ओरडायला मी तोंड उघडलं, दादाचा हात वर आला, आणि मी गप्प झाले. पण तो हात माझ्या तोंडाकडे आलाच नाही. दादा उभा राहिला होता, दोन बोटं तोंडात घालून थिएटर दणाणेल अशी शिट्टी मारत.