दुसरी मूठ

आमच्या सुतारकामाच्या कारखान्यात कागद कधी झालाच नाही. लाकडाला करवत लागली की शब्द पक्का. त्याआधी गिऱ्हाइकानं हजारदा मन बदलावं, बाबा हूं की चूं करायचे नाहीत. चिरलेलं लाकूड परत जुळत नाही, एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान.

"ये, कारखाना तुझा," असं ते फोनवर म्हणाले आणि मी नोकरी सोडून, भाड्याची खोली सोडून घरी आलो. पहिल्याच सकाळी आत्या कारखान्यात येऊन उभी. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. संसार मोडल्यापासून इथंच रंधा मारते.

"दादा, कारखाना मला देणार म्हणाला होतास."

"म्हणालो असेन गं बोलण्याच्या ओघात. हा परत येईल असं तेव्हा कुणाला वाटलं होतं?"

मीही तोंड घातलं. "आत्या, लिहून दिलंय का काही?"

"तू गप रे, दीडशहाण्या." तिनं खिडकीखालच्या लांबलचक टेबलावर हात ठेवला. "हे लाकूड कुठलं, दादा?"

ते लाकूड तिच्या पलंगाचं होतं. कारखाना आपला होणार, मोठ्या कामांना मोठं टेबल हवं, म्हणून तिनं स्वतःचा पलंग चिरला होता. तेव्हापासून ती जमिनीवर निजते. सकाळी कंबर धरून उठते आणि आम्ही तिला नाटकी म्हणतो.

"पलंग तुझा, चिरलास तू," मी म्हणालो. "बाबांचा काय संबंध?"

"दोन मुठींची करवत आहे, बाळा. दुसरी मूठ कुणी धरली होती, विचार त्यांना."

बाबांचा चेहरा पडला. कानावरची पेन्सिल काढून त्यांनी आत्यापुढे ठेवली. "करवत लागलीय. कारखाना हिचा."

"आणि मी? तुमच्या शब्दावर नोकरीला लाथ मारून आलोय, बाबा!" संताप संताप झाला होता माझा. आत्याचं खरं आहे हे कळत होतं, म्हणून जास्तच.

"तुला शब्द द्यायलाच नको होता. माझं उरलं नव्हतं तेच देऊन बसलो. चूक माझी, भरपाई मी करीन."

करतायत कप्पाळ, मी मनात म्हटलं.

दुपारी अंगणात खडखडाट झाला. बाबांनी आपला पलंग बाहेर ओढून आणला होता.

"माझी खोली तू घे. याचं तुला टेबल करू. तुझं काम वेगळं, गिऱ्हाईक वेगळं. चालेल का, ते आधी सांग."

करवतीची एक मूठ त्यांच्या हातात होती, दुसरी माझ्याकडे केलेली. या वयात ते आता जमिनीवर निजणार होते. आणि एकदा करवत लागली की 'तुम्ही मला फसवलंत' असं मला परत कधी म्हणता येणार नव्हतं. मला तर ते अजून खूप दिवस म्हणायचं होतं.

"अरे, हात भरून आला दादाचा," आत्या दारातून ओरडली. "धरतोस की नाही?"

मी मूठ धरली.