पुतोची पेज

लुमेनच्या खानावळीतून ताट उष्टं टाकून उठलेला माणूस दुमागेतेच्या बंदरावर शोधून सापडला नसता. हमाल असो, नावाडी असो, नाहीतर बोटीसाठी ताटकळलेला प्रवासी, तिच्या कोंबडीच्या रश्शात भात कालवून जो तो वाटी चाटूनपुसून ठेवायचा. इस्योंग कोळ्याने आणून दिलेलं पिल्लू त्याच रश्शाला नाक लावून मागे सरकलं, तेव्हा ते तिच्या चांगलंच जिव्हारी लागलं.

पिल्लू होतं मात्र गोड. पुतो नावाच्या, तांदळाच्या वाफवलेल्या केकसारखं पांढरं आणि फुगीर, म्हणून नावही पुतोच पडलं. लुमेन हट्टाला पेटली. डब्यातलं दूध, माशाचं डोकं, डुकराच्या मांसाचा खरपूस तुकडा, एकामागून एक पुढे आलं. पुतोने काही खाल्लं, बरंचसं सोडलं, आणि जे खाल्लं ते पोटात ठरेना. खानावळीची फरशी पुसून पुसून लुमेनचे हात दुखले. पिल्लू मलूल झालं तशी ती घाबरली आणि त्याला टोपलीत घालून गुरांच्या डॉक्टरीणबाईंकडे, बाल्देरासबाईंकडे गेली.

काय काय खायला घातलं, असं बाईंनी विचारलं. लुमेनने गिऱ्हाइकाला सांगावं तसं झोकात सगळं सांगितलं.

"लुमेनताई, रश्शात कांदा-लसूण होता?" बाईंनी विचारलं.

"कांदा-लसणाशिवाय रस्सा होतो का?"

"माणसांचा होत नसेल. कुत्र्यांना तो बाधतो. अजिबात द्यायचा नाही."

मग बाईंनी औषध दिलं आणि नीट समजावलं. वाढत्या पिल्लांसाठी वेगळं खाणं मिळतं, ते याला चांगलं. पण एकदम बदल नको. आधी जे खायची सवय होती त्यावर पोट स्थिर होऊ दे, मग रोज जुनं थोडं कमी, नवं थोडं जास्त. थोडं थोडं, दिवसातून तीन-चारदा. तर आधी काय खात होता हा?

लुमेनला पत्ताच नव्हता. ती तशीच किनाऱ्यावर गेली. इस्योंग जाळं शिवत बसला होता. तो आधी इकडचं तिकडचं बोलला, मग खाली मान घालून म्हणाला, की कुत्री व्याली ती पुरिंगच्या खानावळीमागे. पुरिंगच पिल्लांना पेज घालायची, त्यात उकडलेला मासा काटे काढून कुस्करलेला.

"सांगितलं असतं तर तुम्ही पिल्लू घेतलं असतंत का?" त्याने विचारलं.

घेतलं नसतं, हे लुमेनलाही ठाऊक होतं. जत्रेतल्या स्वयंपाकाच्या स्पर्धेत पुरिंगला बक्षीस मिळालं, तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद होतं, आणि लुमेनने जे काही चारचौघांत म्हटलं होतं ते सगळ्या बंदराला पाठ होतं.

पुरिंगने तिला दारात पाहिलं आणि भांडी घासणं थांबवलं नाही. सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाली, "माझी पेज म्हणजे भांडी धुतलेलं पाणी, असं तूच म्हणायचीस ना?"

"म्हणायचे."

"मग आता?"

"आता त्याला तेच पाणी हवंय. मी काय करू?"

पुरिंगला हसू आवरलं नाही. तिने डबा भरून दिला. घरी पुतोने तो पाहता पाहता संपवला. लुमेनला बरं वाटलं आणि रागही आला. दुसऱ्या दिवशी पुरिंग स्वतःच डबा घेऊन आली, पेज जास्त गरम तर देत नाहीस ना, हे बघायला म्हणून. मग रोजच येऊ लागली.

पोट ताळ्यावर आल्यावर कोमट पाण्यात भिजवलेलं नवं खाणं चमचाभर पेजेत मिसळलं. मग दोन चमचे. मध्येच लुमेनने घाई करून निम्मी वाटी भरली, तेव्हा पोट पुन्हा बिघडलं. पुरिंगने तिला यथेच्छ सुनावलं, आणि दोघी मुकाट्याने पुन्हा चमच्यावर आल्या.

एके सकाळी पुतोने वाटीत तोंड घातलं, नवे दाणे एक एक करून वेचून खाल्ले आणि पेज तशीच ठेवली.



"माझी पेज टाकली मेल्याने," पुरिंग म्हणाली.

"तुझी निदान चार दिवस खाल्ली. माझा रस्सा तर हुंगून सोडला."

पुरिंग फिस्सकन हसली, मग लुमेनही. डब्यात बरीच पेज उरली होती. लुमेनने चमचाभर तोंडात घातली. आजवर तिने ती कधी चाखलीच नव्हती.

"मीठ नाही," ती म्हणाली.

"कुत्र्याची आहे ती."

लुमेनने डबा चुलीवर ठेवला, मीठ आणि आलं घातलं, वर तळलेला लसूण पेरला, आणि दोन वाट्या काढल्या. पहिली बोट लागली होती, गिऱ्हाइकं यायला लागली होती. तरी दोघी सावकाश जेवत बसल्या, आणि पुतो आपली वाटी नाकाने ढकलत बाकाखाली घेऊन गेला.