एका पाकिटातले दोन बनियन

आकडा माझाच होता आणि बरोबरही होता. म्हणून तर माझं डोकं फिरलं.

मी माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. शहराच्या जमीन विभागाने आमच्याकडे दोन जागांची माती पाठवली होती, एक बसदुरुस्तीच्या बंद पडलेल्या आवारातली आणि दुसरी कालव्याकाठच्या भाजीवाफ्यांची. दोन्हींत सेंद्रिय कर्ब, म्हणजे ज्यावरून मातीचा कस ठरवतात तो घटक, जवळजवळ सारखा निघाला. विभागाला तेवढंच हवं होतं. कालव्याकाठी वाहनतळ करायचा आणि वाफेवाल्यांना बसच्या आवारात हलवायचं, असा त्यांचा बेत. माती सारखीच आहे, मग तक्रार कसली?

त्यातला एक वाफा माझ्या सासूबाईंचा. लग्न होऊन आल्यापासून त्या तिथे पालक, मटार, भोपळे काढतायत. सासरे म्हणतात, संसार माझ्याशी आणि जीव वाफ्यात.

"तूच लिहून दिलंस ना?" सासूबाईंनी जेवताना विचारलं.

"आई, आकडा खरा आहे. पण तुमच्या मातीतला कर्ब म्हणजे कुजलेला पाला, मुळं, गांडुळांची विष्ठा. तिकडचा म्हणजे धुराची काजळी, टायरचा भुगा, सांडलेलं तेल. तपासताना सगळं जाळतो, ते सगळं एकाच आकड्यात येतं."

"म्हणजे वाढलेलं ताट आणि भरलेली कचरापेटी वजनाला सारखी, म्हणून कुठेही जेवायला बसा?" त्या म्हणाल्या. "मग हे लिहिलं का नाहीस?"

"लिहिलं होतं. आमच्या साहेबांनी काढून टाकलं. विचारलं तेवढंच सांगा, म्हणाले."

"मग न विचारलेलं आपण दाखवू."

एक जुनी, साधी परीक्षा मला ठाऊक होती. सुती कापड मातीत पुरायचं. माती जिवंत असेल तर ती ते खाऊन टाकते. माझं सांगून होईपर्यंत सासूबाईंनी कपाट उघडून सासऱ्यांच्या बनियनचं पाकीट फोडलं होतं.

"अगं, नवे कोरे आहेत ते!" सासरे ओरडले.

"म्हणून तर. विरलेले पुरले तर उद्या कोणीतरी शंका काढेल."

वाफ्यात हातानेच खड्डा झाला. बसच्या आवारात मात्र पहार आणावी लागली आणि तीही ठणठण वाजत होती. काय पुरताय, असं रखवालदाराने विचारलं. "ह्यांचा बनियन," सासूबाई म्हणाल्या. तो दोन पावलं मागे सरकला.

दोन महिन्यांनी वाफेवाल्यांच्या हरकतींवर विभागात सुनावणी लागली. आदल्या दिवशी आम्ही दोन्ही बनियन उकरून पिशवीत भरले. सुनावणीच्या दारातच आमच्या साहेबांनी मला गाठलं. "आकडा वाचायचा आणि खाली बसायचं. कळलं?"

मी आकडा वाचला. खाली मात्र बसले नाही. मी सासऱ्यांकडे पाहिलं.

त्यांनी पिशवीतून पहिला बनियन काढला. काळा झालेला, डिझेलचा वास मारणारा, पण धडधाकट. त्यांनी तो सरळ शर्टावरून अंगात चढवला. "हा तुमच्या बसच्या आवारातला." मग दुसरा काढला. गळ्याची शिवण, चार दोरे आणि लेबल, एवढंच उरलं होतं. "हा आमच्या वाफ्यातला. हाही घालून दाखवू का?"

सगळी खोली हसली. विभागाचे अधिकारी हसले नाहीत. "हे नियमात बसत नाही. तिथे कर्ब आहे, हे तुमच्याच सूनबाईंनी लिहून दिलंय."

"कर्ब आहे," मी म्हणाले, "पण तो खाणारं तिथे कोणी जिवंत नाही! रोपाला काय देणार ती माती, काजळी? आकड्याखाली माझी सही आहे ना? मग त्याच सहीखाली हेही लिहून घ्या."

"उद्या मला येऊन भेटा," आमचे साहेब दातओठ खात म्हणाले.

"उद्या कशाला? इथेच बोला, सगळ्यांना ऐकू दे."

अधिकाऱ्यांनी वाफा सोडण्याच्या संमतीचा कागद सासूबाईंपुढे सरकवला. त्यांनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या अधिकाऱ्यांचा शर्ट न्याहाळत होत्या.

"साहेब, सुती आहे का हो?"

"हो. का?"

"तो काढा आणि बसच्या आवारात नेऊन पुरा. ज्या दिवशी त्याची वाफ्यातल्या बनियनसारखी गत होईल, त्या दिवशी या. पेनही माझं, सहीही माझी."

अधिकाऱ्यांनी शर्ट काही काढला नाही. पण बाकीच्या वाफेवाल्यांनी तिथल्या तिथे तीच अट धरली. सुट्टीच्या दिवशी सगळे पहारी घेऊन बसच्या आवारात गेले. कोणी शाळेचा सदरा आणला, कोणी नर्सचा कोट. सुतार आपल्या लग्नातला शर्ट घेऊन आला आणि तो आता पोटावर बसत नाही हे त्याने स्वतःच सांगून टाकलं. प्रत्येक कपड्याची एक बाही मातीबाहेर ठेवली, तपासायला सोपी.

मला सध्या प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला बसवलंय. बसवू देत. कालव्याकाठी मटाराला फुलं आली आहेत. अधूनमधून विभागाचा माणूस आवारात येतो, एखादी बाही धरून ओढतो. अख्खा सदरा वर येतो. तो सदरा झटकतो, पुन्हा पुरतो आणि संमतीचा कागद सहीविना तसाच घेऊन परत जातो.