काकवीनं न्हाय, आज्जा

मित्रांनो, माझं शरीर तळहातावर मावेल एवढंच आहे. त्यात एक छोटी काच आहे आणि तिच्याखाली पट्टी घालायची फट. तुमच्याशी बोलतोय तो एक जुना ग्लुकोमीटर, म्हणजे रक्तातली साखर मोजणारं यंत्र. गडमुडशिंगी गावातल्या आमच्या घरात मात्र मला सगळे नुसतं 'मशीन' म्हणतात.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्यासारखी शेकडो भावंडं खोक्यांत बसली होती. त्यांतून मला या घरच्या प्रसेनजीतनं कोल्हापूरच्या एका औषधाच्या दुकानातून आपल्या आईसाठी, म्हणजे शालनआज्जींसाठी घरी आणलं. आज्जींना मधुमेह होता. त्यांच्या आईलाही तो होता. गुडघे दुखायला लागल्यावर शेतातलं काम सुटलं, चालणं कमी झालं, पोटाचा घेर वाढला. आपल्या शरीरात इन्सुलिन नावाचं एक द्रव्य बनतं. ते रक्तातली साखर शरीरातल्या पेशींमध्ये पोहोचवतं. आज्जींच्या शरीरात ते बनत होतं, पण पुरेसं लागू पडत नव्हतं. गोळ्या आणि सकाळचं चालणं यांवर त्यांचं बरं चाललं होतं. शेजारणी आल्या की आज्जी मला कौतुकानं दाखवायच्या.

मग त्यांची सून, प्रसेनजीतची बायको प्रीती, दुसऱ्यांदा गरोदर राहिली आणि सातव्या महिन्यात तिचीही साखर वाढली. त्या दिवसांत पोटातल्या बाळाला पोसणाऱ्या वारेतून येणारी द्रव्यं इन्सुलिनच्या आड येतात, म्हणून काही जणींना असं होतं. पथ्य पाळून तिनं ते दिवस काढले. सम्राटचा जन्म झाला आणि तिचे आकडे पूर्ववत झाले. घरानं त्यातून एकच अर्थ काढला. साखर येते आणि जाते, तिला काय भ्यायचं? मला तो अर्थ बरोबर वाटत नव्हता, पण माझ्या काचेवर फक्त आकडा उमटतो. साखर का वाढली हे सांगायला तिथं जागा नाही.

हळूहळू माझं कौतुक ओसरलं. आज्जींची तपासणी पंधरवड्यावर गेली आणि मी कपाटात डाळीच्या डब्यामागे पडून राहू लागलो.

प्रसेनजीतची थोरली लेक संघप्रिया तेव्हा नऊ वर्षांची होती. तिचे आज्जा धोंडीराम, शालनआज्जींचे नवरे, गूळ बनवणारे गुळव्या होते. गुऱ्हाळावर काहिलीच्या भल्या मोठ्या कढईत उसाचा रस उकळताना नुसत्या बुडबुड्यांकडे बघून ते सांगायचे, आता काकवी काढा, आता गूळ उतरा. हंगामात रोज ते तांब्याभर कोमट काकवी, तो मधासारखा पातळ गूळ, नातीसाठी आणायचे. ती भाकरी त्यात बुडवून खायची आणि आज्जा समोर बसून बघायचे.

त्या हिवाळ्यात संघप्रिया घटाघटा पाणी प्यायला लागली. शाळेत दर तासाला बाहेर जायची परवानगी मागू लागली. अंथरूण ओलं होऊ लागलं म्हणून ती लाजायची. तिचे गाल बसले. लोक म्हणाले, पोर उंची धरतीय. मी हातभर अंतरावर कपाटात होतो. एका थेंबात मी सांगितलं असतं. पण साखर हा मोठ्या माणसांचा आजार, असं सगळेच धरून चालले होते.

एका रविवारी आज्जींनी मला बाहेर काढलं. संघप्रियानं गंमत म्हणून बोट पुढं केलं. "आज्जी, माझी बी बघ की."

आकडा आला चारशे शहाऐंशी.

"मशीन खुळावलंय," आज्जी म्हणाल्या. त्यांनी माझे सेल बदलले, स्वतःची साखर बघितली, ती नेहमीसारखीच होती. पुन्हा नातीचं बोट टोचलं. आकडा तिथंच. आज्जा दारात उभे होते, हातात काकवीचा तांब्या.

"माझ्या काकवीनं केलं हे," ते म्हणाले आणि तांब्या त्यांनी उंबऱ्याबाहेरच ठेवला.

मित्रांनो, पुढं जे झालं ते कुणी वाईटपणानं केलं नाही. सगळ्यांचा तिच्यावर जीव होता. गोड बंद झालं, कारल्याचा रस सुरू झाला, आणि आज्जींनी आपल्या गोळीतली अर्धी मोडून तिला दिली. प्रीतीची साखर गेली, तशी हिचीही जाईल, असं त्यांना वाटलं. दुसऱ्या दिवशी मी पाचशेच्या वरचा आकडा दाखवला. तिसऱ्या दिवशी तिला उलट्या झाल्या, पोट दुखू लागलं, श्वास खोल आणि भरभर चालू लागला. त्या वेळी माझ्याकडे आकडाच उरला नाही. माझ्या मोजण्यापलीकडे गेल्याची खूण तेवढी उमटली. मी काचेवर ती खूण धरून राहिलो. त्याहून जास्त मला काही करता येत नव्हतं.

शेजाऱ्यांच्या टेम्पोतून तिला कोल्हापूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. पिशवीत मीही होतो. वाटेतच तिची शुद्ध हरपली. पोरीला काय दिलं, असं डॉक्टरीणबाईंनी विचारताच आज्जींनी पदराची गाठ सोडली आणि उरलेली अर्धी गोळी पुढं केली. बाई रागावल्या नाहीत. सलाईन आणि इन्सुलिन देऊन पोर शुद्धीवर आल्यावर त्यांनी सगळ्यांना जवळ बसवून समजावलं. शरीराचे रक्षक रोगजंतूंशी लढतात. संघप्रियाच्या शरीरात त्यांनी चुकून इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच मारल्या. असं का होतं, हे अजून पुरतं कळलेलं नाही. आज्जींच्या गोळ्या शरीरातल्या इन्सुलिनला मदत करतात, पण हिच्यात ते जवळजवळ उरलंच नव्हतं. म्हणून ते रोज बाहेरूनच द्यावं लागणार होतं.

"आजोबा, हे गोड खाऊन होत नाही," बाई म्हणाल्या. "तुमच्या काकवीनं नाही झालं."

आज्जांनी मान डोलावली. पण त्यानंतर ते गुऱ्हाळावर गेले नाहीत.

संघप्रिया घरी आली. आता ती शाळेत जाते, लंगडी खेळते, स्वतःचं इंजेक्शन स्वतः घेते. रोज तिचं बोट टोचलं की आज्जा जवळ येऊन विचारतात, "काकवीनं न्हाय न्हवं?"

"न्हाय आज्जा. डॉक्टरबाईंनी सांगितलंय की."

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा विचारतात. आकडा चांगला असो की वाईट, माझ्या काचेत त्यांना आपलीच चूक दिसते.

माझ्या मापाच्या पट्ट्या आता बाजारात मिळत नाहीत. आज शेवटची पट्टी वापरली, उद्यापासून नवं मशीन. आकडा एकशे अठरा आला, म्हणजे छान. संघप्रिया दप्तर घेऊन पळाली. आज्जांनी मला उचललं, धोतराच्या सोग्यानं काच पुसली आणि हळूच विचारलं, "तू तरी सांग की लेका. काकवीनं न्हाय न्हवं?"

माझी काच थोड्या वेळानं आपोआप विझते. तशीच ती विझली.

मित्रांनो, मला बोलता येत नाही, तुम्हाला येतं. वर्गातलं कुणी सारखं पाणी पीत असेल, सारखं लघवीला जात असेल, वाळत चाललं असेल, तर त्याच दिवशी मोठ्यांना सांगा, डॉक्टरांकडे न्यायला लावा. एकाची गोळी दुसऱ्याला देऊ नका. डॉक्टरांनी दिलेलं इन्सुलिन चुकवू नका. आणि तुमच्या घरी असा एखादा आज्जा असेल, तर त्याला सांगा, की तुमच्यामुळं नाही झालं. एकदा सांगून त्याला पटणार नाही. रोज सांगा.