दुसरं व्हायोलिन

तर्जनीत अडकवलेली सीडी एफीने पुन्हा एकदा फिरवली — कडेवरून उन्हाचा हिरवा-जांभळा पट्टा सरकला. वेष्टणावर नाव एकट्या इशबेलचं. असू दे, ताईचीच सीडी आहे. पण तिसरी धून... ती दोघींनी वाजवली होती, केप ब्रेटन बेटावरच्या घरी, स्वयंपाकघरात माईक लावून, दोन व्हायोलिनं, आणि एफी संगणक शिकायला हॅलिफॅक्सला निघाली तेव्हा इशबेल दारातूनच ओरडली होती, "जा बाई, जा! तुझं वाजवलेलं सगळं पुसून टाकते!" पुसलं असेल? ती बोलते तसं करते, मेली.

एफीच्या खोलीवर सीडी वाजवायला काहीच नव्हतं. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतल्या या युनिक्स संगणकाला मात्र सीडीचा खण होता. तिने सीडी आत सरकवली, हेडफोन खणाच्याच भोकात खोचले आणि सवयीने, सीडी आधी यंत्राला जोडून घ्यायचा, म्हणजे तिच्यावरचं सगळं यंत्राला दिसू द्यायचा, हुकूम टंकला. पडद्यावर उत्तर आलं : हा अधिकार फक्त व्यवस्थापकाला.

व्यवस्थापक बेसिल कोमो पलीकडेच चहात बिस्किट बुडवत बसला होता.

"बेसिल, एवढी सीडी जोडून दे ना."

"गाण्यांची? उद्या म्हणशील सिनेमा लाव! माझा पासवर्ड काय चॉकलेट आहे, वाटत सुटायला?"

खडूस! ती तणतणत वळली... आणि थबकली. पण जोडायचं कशाला? जोडतात ते फायलींसाठी — या सीडीवर फायली आहेतच कुठे, नुसता आवाज! खणातली सीडी वाचता आली की झालं, आणि तेवढी मुभा यंत्रापुढे बसणाऱ्या प्रत्येकाला आहे, मलाही आहे... अगं वेडे, मघापासून आहे! कुणीतरी फुकट दिलेला, सीडी वाजवणारा छोटासा प्रोग्राम तिने आपल्याच खात्यात उतरवला. कुणाच्या बापाला विचारायचं नव्हतं. तिसरी धून. चालू.

काहीच नाही. कानात नुसती सामसूम. आवाज वाढवला. अजून वाढवला. म्हणजे पुसलंच, सगळंच पुसलं... छे, इशबेलचं तरी ऐकू यायला हवं! समोरची मुलगी वळून बघत होती. बेसिल हातवारे करत उठला होता. एफीने हेडफोन उतरवले —

आणि खोलीभर व्हायोलिन. प्रोग्राम सीडी स्वतःच वाचून आवाज यंत्राच्या स्पीकरकडे धाडत होता. खणाच्या भोकात काही येणारच नव्हतं, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. इशबेल, अगदी इशबेल, ठेक्याला पाय आपटणारी... आणि तिच्या खाली दुसरं, जरा घाईने आत शिरणारं, वळणावर किंचित घसरणारं.

"बंद कर ते!" बेसिल ओरडला.

"थांब रे, ती मी आहे!"

घसरलेलंसुद्धा ठेवलंय तिने. मायेने ठेवलं, की त्याशिवाय धून अडली असती म्हणून... कोण जाणे. विचारायचं का तिला? एफीचे गाल तापले होते, सगळे बघत होते, आणि आवाज कमी करायला हात काही केल्या पुढे होत नव्हता.