रबरी कानावरचे पुसलेले ठिपके

मी रबराचा कान. डावा. माणसाच्या कानाच्या दुप्पट, मेणासारखा पिवळट. आयुष्यभर दुसऱ्यांचं ऐकत टेबलावर उभा राहिलो, आज माझं ऐका. मधे बोलू नका.

कारखान्यात एका साच्यातून आम्ही शंभरेक भावंडं निघालो. अंगभर, शरीराचा एकेक भाग दाखवणारे बारीक ठिपके छापले, खोक्यात कोंबलं आणि पाठवून दिलं. मी आलो बाईंच्या दवाखान्यात. दवाखाना कसला, दोन खुर्च्या, एक पडदा आणि मी. बाई कानात सुया टोचायच्या. कुणाला सुईची भीती असेल तर चिकटपट्टीवर एक काळी बी बसवून ती कानाला लावायच्या आणि म्हणायच्या, "दिवसातून पाच-सहा वेळा दाबत जा."

नवा माणूस आला की मला पुढं ओढत. "हे बघा, कान म्हणजे पोटात उलटं निजलेलं बाळ. पाळीत डोकं, वर पाय, या खळग्यात पोट आणि छाती." मान आखडलेले येत, झोप उडालेले येत, औषधांनी मळमळणारे येत. बऱ्याच जणांना हलकं वाटे, काहींना काहीच वाटत नसे. बाई कुणाला फसवत नव्हत्या. गाठ दाखवायला आलेल्याला तर त्यांनी खुर्चीत बसूही दिलं नाही. "आधी डॉक्टर. मी दुखणं हलकं करते, रोग पळवत नाही."

मग बाई मोतीबिंदू काढायला लेकाकडं गेल्या. दवाखाना भाचीवर सोपवला. पोरगी हुशार, पण सगळी भिस्त माझ्यावर. माणसाच्या कानाकडं एकदा बघायची, माझ्याकडं तीनदा.

जाताना बाई सफाईवाल्याला सांगून गेल्या होत्या की टेबलावरचं सगळं स्पिरिटनं पुसायचं. त्यानं सगळं पुसलं. मलाही. इतकं मन लावून की खळग्यातले ठिपके पार गेले. भाचीनं डोक्याला हात लावला. मावशीला फोन करायची लाज वाटली, म्हणून तिनं पेन घेतलं आणि आठवतील तसे ठिपके काढले. मला समजत होतं चुकतंय ते. पण रबराला कोण विचारतो?

दुसऱ्याच दिवशी बसचा ड्रायव्हर आला. तीस वर्षांची सिगरेट. लेकीला मुलगी झाली होती, दिवस भरायच्या आधीच, छातीनं नाजूक. लेकीनं स्पष्ट सांगितलं होतं, "बाबा, तो वास घेऊन बाळाजवळ यायचं नाही." नात तीन आठवड्यांची झाली तरी त्यानं तिला दारातूनच पाहिली होती.

भाचीनं माझ्यावरचा छातीचा ठिपका बघून त्याच्या कानाला बी लावली. "तलफ आली की दाबा, काका."

आठ दिवसांनी तो परत आला तो तोंड पाडून. "दाबून दाबून कान लाल झाला, पोरी. सिगरेट चारनं कमी झाली, बस्स. सोडायचा दम काही माझ्यात नाही."

नेमक्या त्याच वेळी बाई काळा चष्मा लावून दारात उभ्या. लेकाकडं करमेना म्हणून दोन दिवस आधीच आल्या होत्या. आल्या आल्या मला उचललं. "हे कुणी गिरवलंय? छातीच्या जागी पोट काढलंय."

"तरीच," ड्रायव्हर म्हणाला. "तरीच दोन पोळ्या जास्त जातायत."

भाची खाली मान घालून उभी. बाई नुसत्या तिच्याकडं बघत राहिल्या. शेवटी पोरगीच बोलली, "काका, चूक माझी. ठिपके पुसले गेले होते, मी अंदाजानं काढले. तुमच्या दमाचा दोष नाही."

ड्रायव्हर खुर्चीत बसला. मग म्हणाला, "माझीही बस एकदा चुकीच्या फाट्याला गेली होती. मी उतारूंना आधी सांगितलं, मग वळवली. शिव्या खाल्ल्या, पण पोचलो. लाव परत."

बाईंनी मला कपाटावर ठेवलं आणि भाचीला म्हणाल्या, "आता त्यांच्या कानात शोध. हलकं दाबत जा. जिथं माणूस चमकतो तिथं थांब." तिनं तसं केलं. एका जागी ड्रायव्हरनं डोळे मिटले. बी तिथं बसली.

त्यानंतर त्याची सिगरेट सुटली. बीमुळं, की नातीमुळं, की चूक आपली नव्हती हे कळल्यामुळं, मला विचारू नका. मी रबर आहे. बाईंनाही विचारलं तर त्या खांदे उडवतात.

मी अजून कपाटावरच आहे. खळग्यातली शाई फिकी झालीय, पाळीला चीर गेलीय. वाईट वाटत नाही. शिकणाऱ्यांना एवढंच सांगतो, मला बघून सुरुवात करा, पण माझ्याकडंच बघत बसू नका. समोर जिवंत कान असतो, त्याला विचारा.

परवा ड्रायव्हर आला होता, नात खांद्यावर. बाईंनी विचारलं, "बी दाबता ना अजून?"

"मी कशाला दाबू?" तो म्हणाला. नातीनं त्याचा कान मुठीत घट्ट धरला होता, अगदी बीवर अंगठा ठेवून, आणि सोडायला तयार नव्हती.